दुःखाचे दोन वाटे



आमच्या गावच्या घरात माजघरामागे एक अंधारी खोली होती. त्या खोलीत माझी एक चुलतआजी राहत असे. मला आठवते तेव्हापासून ती तांबड्या आलवणातच होती. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती, तरी डाळ भरडायची म्हणून ती पहाटे जात्यावर बसायचीच, आणि बसली की ओव्या म्हणायची. त्यातल्या कितीतरी ओव्या तिच्या स्वतःच्या होत्या.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. आम्ही पोरे बायकांना पन्ह्याचे पेले नेऊन देत होतो. मी आत डोकावून विचारले, “आजी, तू का येत नाहीस बाहेर?” ती म्हणाली, “अरे, मला बोलावणं नसतं बाळा.” एवढे बोलून ती पुन्हा शेंगा सोलायला लागली.

तिचे यजमान वारले त्याला तेव्हा पन्नास वर्षे होऊन गेली होती. त्या वेळी मला काही उमगले नाही. आज मी महाविद्यालयात शिकवतो, पुस्तके वाचतो, आणि वाचता वाचता ते वाक्य मध्येच आठवते. मृत्यूने तिचे माणूस एकदाच नेले होते. पण ‘तुला बोलावणं नाही’ हे आम्ही घरचे लोक तिला पन्नास वर्षे सांगत होतो.

तेव्हा आज मला आपल्यापुढे एकच विचार मांडायचा आहे. आपले माणूस गेले म्हणजे जे दुःख येते, त्याचे दोन वाटे असतात. एक वाटा मृत्यूचा. त्याला औषध नाही. तो ज्याचा त्याने सोसायचा. दुसरा वाटा माणसांनी घातलेला असतो. रूढीचा, उपेक्षेचा, परावलंबनाचा. तो हटवता येतो. आणि गंमत अशी, की जो हा दुसरा वाटा हटवायला उठतो, त्याला पहिला वाटा सोसायचेही बळ येते. हे मी पुस्तकी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. महाराष्ट्रातल्या काही बायकांनी ते प्रत्यक्ष जगून दाखवले आहे. त्यांच्याच गोष्टी आज सांगतो.

पहिली गोष्ट रमाबाई रानड्यांची. त्यांचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तिशी ओलांडलेले, पहिली पत्नी वारलेली. मुलीला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी तिला पाटी दिली आणि स्वतः शिकवायला बसले. आधी मराठी, पुढे इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. शिकायचे ते नवऱ्यासाठी आणि बोलणी खायची ती सासरच्या बायकांची, अशा कात्रीत त्या पोरीने दिवस काढले. पण शिकली.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईला रानडे वारले. रमाबाईंनी तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. पोटी मूलबाळ नाही. ज्याने अक्षर दिले, जग दाखवले, तोच गेला. त्या मुंबईचे बिऱ्हाड मोडून पुण्याला आल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत.

शिक्षकबंधूंनो, हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपण फार घाई करतो. तेराव्याला जेवून हात धुतो न धुतो तोच माणसाला सांगतो, “आता सावरा, कामाला लागा, मन रमवा.” एवढ्या कर्तबगार बाईलाही एक वर्ष लागले! पेरणीआधी जमीन तापावी लागते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. दुःखालाही त्याचा काळ द्यावा लागतो.

वर्ष सरल्यावर त्या बाहेर पडल्या. कुठे गेल्या? येरवड्याच्या तुरुंगात. तिथे बायका कैदी होत्या. रमाबाई त्यांच्याकडे नेमाने जाऊ लागल्या. त्यांच्याशी बोलायचे, काही वाचून दाखवायचे, त्यांचे ऐकून घ्यायचे. इस्पितळातल्या रोग्यांकडे फळे-फुले घेऊन जायच्या. म्हणजे पाहा, काही मोठी योजना आखून त्या निघाल्या नव्हत्या. आपल्यापेक्षाही जिला कोणी नाही तिच्याजवळ जाऊन बसणे, एवढीच सुरुवात होती.

या भेटींतून त्यांना त्या दुसऱ्या वाट्याचे खरे रूप कळत गेले असले पाहिजे. त्या काळच्या विधवेचे हाल नुसत्या शोकाने होत नव्हते. हातात पैसा नाही, अंगी विद्या नाही, घरात मान नाही, आणि उद्या दिराने किंवा भावाने दार लावले तर जायला जागा नाही. कायद्याने १८५६ साली विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली होती, पण कायदा कागदावर आणि माणसे आपल्या जागी. हिंदू एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याच्या वाट्यात हक्क मिळाला तो १९३७ साली, आणि तोही तिच्या हयातीपुरता. पूर्ण मालकीचा वारसा मिळायला १९५६ साल उजाडले. तोवर तिच्या नशिबी फार तर पोटगी.

म्हणून रमाबाईंनी उपाय धरला तो शिक्षणाचा आणि स्वतःच्या कमाईचा. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याच्या अध्यक्षा रमाबाई झाल्या. १९०९ साली पुण्यात, आपल्याच वाड्यात, त्यांनी सेवासदनाचे काम सुरू केले. गोपाळ कृष्ण देवधरांसारखा कार्यकर्ता मदतीला होता. तिथे लिहिणे-वाचणे होते, शिवण होते, बायकांना शिक्षिका करण्याची सोय होती. आणि धाडसाची गोष्ट म्हणजे परिचारिकेचे शिक्षण होते.

धाडसाची का म्हणालो? त्या काळी वरच्या म्हणवणाऱ्या घरातल्या बाईने परक्या रोग्याला हात लावणे, त्याचे मलमूत्र काढणे, जखमा धुणे हे विपरीतच मानले जाई. सोवळ्यातल्या विधवेने तर बोलायलाच नको. घरात जी अपशकुनी म्हणून समोर यायची नाही, तीच इस्पितळात रोग्याच्या उशाशी उभी राहिली म्हणजे रोग्याला धीर येऊ लागला. रूढीला याहून चोख उत्तर कोणते?

हे सारे चालू असताना रमाबाईंनी आणखी एक काम केले. १९१० साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक बाहेर आले. मराठी गद्यातले ते एक मोलाचे पुस्तक आहे. त्यात देव्हाऱ्यात बसवलेले न्यायमूर्ती नाहीत. कलकत्त्याला असताना दाढी करणाऱ्या न्हाव्याला विचारून विचारून बंगाली शिकणारे घरातले रानडे आहेत. घरातली भांडणे आहेत, टोमणे आहेत, स्वतःच्या चुकाही आहेत. शोक करणारी बाई ‘ते थोर होते’ एवढेच म्हणून थांबली असती तरी कोणी बोल लावला नसता. पण त्यांनी गेलेल्या माणसाला त्याच्या बोलण्याचालण्यासकट कागदावर उतरवले. ज्याने त्यांना अक्षर दिले होते, त्यालाच त्यांनी अक्षरात जपून ठेवले.

रमाबाई १९२४ साली वारल्या. त्याआधीच्या वर्षांत पुण्यात मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे आणि बायकांना मतदानाचा हक्क मिळावा, या चळवळींतही त्या पुढे होत्या.

ही वाट काही त्यांनीच पहिल्यांदा पाडली असे मात्र नाही. जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले. सावित्रीबाईंनी त्यांच्यामागे सत्यशोधक समाजाचे काम धरून ठेवले. जोतीरावांचे चरित्र ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’ या काव्यात त्यांनी गुंफले. पुण्यात प्लेग आला तेव्हा त्या रोग्यांच्या सेवेला धावल्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. काम आणि काव्य ही जोडी त्यांच्याही ठायी दिसते.

आता कोणी म्हणेल, “सर, ही मोठ्या माणसांची घरं. नवरा न्यायमूर्ती, नवरा महात्मा. साध्या घरातल्या बाईनं काय करावं?” प्रश्न रास्त आहे. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. ती कोकणातल्या देवरुखची, जोशी नावाच्या साध्या घरातल्या दोघी बहिणींची.

थोरली गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच नवरा वारला. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत ती विधवा झाली! पुढची कितीतरी वर्षे ती सासरी राबत होती. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईला होता. त्याने तिला शिकायला नेले. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होती. केस काढलेली, वय विशीच्या पुढे गेलेले, आणि हातात मुळाक्षरांची पाटी. पुढे १८९३ साली, पुन्हा ११ मार्चलाच, तिचा विवाह भावाचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली होती. म्हणजे दोन दुःखे एकत्र आली आणि त्यांनी नवे घर मांडले. कर्व्यांच्या गावाने, मुरूडने, त्यांना वाळीत टाकले. गोदूबाईची ‘आनंदीबाई’ झाली आणि सगळ्यांची ‘बाया’ झाली.

धाकटी पार्वतीबाई आठवले. तिचे यजमान गोव्याकडे नोकरीला होते. तीन मुले झाली, त्यांतला एकच मुलगा जगला. विसाव्या वर्षाच्या सुमारास नवराही गेला. पदरात पोर घेऊन ती माहेरी देवरुखला आली, केस काढले गेले, आणि आयुष्य संपले असेच साऱ्यांनी धरले. बहिणीने पुनर्विवाह केलेला होता. पार्वतीबाईंनी तो मार्ग घेतला नाही. पण मुलाला घेऊन त्या पुण्याला बहिणीकडे आल्या आणि शिकू लागल्या.

कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली होती. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. पार्वतीबाई त्या आश्रमाच्या कामात शिरल्या. शिकवणे, सांभाळणे, आणि मुख्य म्हणजे वर्गणी मागत गावोगाव फिरणे. कुणाच्या ओसरीवर उभे राहून ‘विधवांच्या शिक्षणासाठी काही द्या’ म्हणायचे. कोणी चार आणे देई, कोणी उपदेश देई. दोन्ही पदरात घेऊन त्या पुढच्या दारी जात.

इथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. या सगळ्या हिंडण्यात पार्वतीबाईंचे डोके मुंडन केलेलेच होते. परंपरेच्या घरांत शिरकाव व्हायचा, तर त्या वेषाचा उपयोगच होता. पण पुढे त्यांच्या मनात वाद सुरू झाला. ज्या रूढीने बायकांचा छळ मांडला आहे, तिचीच खूण आपण डोक्यावर मिरवावी काय? अखेर १९१२ साली त्यांनी केस वाढवायला सुरुवात केली. लोकांनी नावे ठेवली असतीलच. चाळिशी ओलांडलेल्या बाईने केस वाढवणे ही आज आपल्याला क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण विचार करा. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी तिच्या अंगावर घातलेला शोक तिने त्या दिवशी उतरवून ठेवला. नवऱ्याची आठवण उतरवली नाही, लोकांनी लादलेला शोक उतरवला. दोन वाटे वेगळे करणे म्हणतात ते हे.

मग १९१८ साली ही बाई इंग्रजी शिकावे आणि जग पाहावे म्हणून एकटी अमेरिकेला गेली! पैसे तुटपुंजे, भाषा अर्धीमुर्धी. तिथल्या घरांतून तिने घरकाम केले, भांडी घासली, आणि दिवस काढले. १९२० साली ती परत आली. १९२८ साली तिने ‘माझी कहाणी’ लिहून प्रसिद्ध केली. थोरल्या बायाचे ‘माझे पुराण’ १९४४ साली निघाले. नावे तरी पाहा. आपल्याकडे कहाणी असते ती शुक्रवारची, सोमवारची. पुराण असते ते देवांचे. या दोघींनी ती नावे आपल्या हालअपेष्टांना दिली. जिचे तोंड पाहू नये म्हणत, तिचीच कहाणी लोक पान उलटून वाचू लागले.

या साऱ्या गोष्टी ऐकल्यावर दोन कामे निराळी दिसू लागतात. सेवा आणि चळवळ ही माणसांनी घातलेल्या वाट्यावर चालते. शिक्षण द्या, हक्क मिळवा, रूढी मोडा. लिहिणे, गाणे, सांगणे हे मृत्यूच्या वाट्यासाठी असते. त्याने दुःख नाहीसे होत नाही, पण ओझे पाठीवरून उतरवून समोर ठेवता येते, आणि समोर ठेवले की त्याचा आकार दिसतो. नुसती चळवळ केली तर माणूस आतून कोरडा होतो. नुसते आठवत बसला तर तो तिथेच रुततो. या बायकांनी दोन्ही केले, म्हणून त्या उभ्या राहिल्या.

आणि हे सारे जुने झाले असे समजू नका. मुंडनाची चाल मुख्यतः ब्राह्मण आणि काही वरच्या जातींत होती. शेतकरी समाजात पाट लावण्याची मोकळीक बहुतेक ठिकाणी होती. पण बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे, शुभकार्यात मागे उभे करणे हे कितीतरी जातींत, कितीतरी गावांत चालत आले. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, या गावाने ठराव केला की आमच्या गावात विधवेचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. विचार करा, रमाबाई गेल्याला शंभर वर्षे होत आली होती, तरी असा ठराव करावा लागला. आणि एका गावाने तो केला, हीही मोठी गोष्ट आहे.

ठराव कागदावर राहू नये म्हणून काय करावे? दोन-तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट. गावात कोणाचा कर्ता पुरुष गेला, तर दिवसकार्य झाल्यावर एकाने तरी त्या बाईबरोबर तलाठ्याकडे जावे आणि सातबारावर वारसनोंद झाली की नाही ते पाहावे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी ही मुलांबरोबरीने पहिल्या वर्गातली वारस आहे. ‘नाव लावायची घाई कशाला, घरचंच तर आहे’ असे जिथे ऐकू येते, तिथे तर आधी जावे. सांत्वनाच्या दहा शब्दांपेक्षा ही एक नोंद जास्त उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट घरातल्या बायकांसाठी. पुढच्या हळदीकुंकवाला शेजारच्या तिलाही बोलवा. मागच्या दाराने नव्हे, नाव घेऊन, पुढच्या दाराने. ग्रामसभेत हात वर करणे सोपे असते. आपल्या ओसरीवर पहिले कुंकू लावणे अवघड. पण ते एकीने केले की दुसरीला सोपे जाते.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. आपल्या वर्गातल्या मुलांना एक काम द्या. घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईजवळ बसायचे आणि तिला येणारी एक ओवी, एक आठवण, तिच्याच शब्दांत वहीत उतरवायची. शुद्धलेखनाचे गुण कापू नका. ती ‘व्हतं’ म्हणाली तर ‘व्हतं’च लिहू द्या. मुलाला भाषा मिळेल, आणि त्या म्हातारीला पुष्कळ वर्षांनी कोणीतरी विचारलेले असेल, “आजी, तुझं काय?”

हे मी का सांगतो? माझी चुलतआजी गेली तेव्हा मी शाळेत शेवटच्या वर्गात होतो. मला उत्तम मराठी लिहिता येत होते, निबंधाला बक्षिसे मिळत होती. तिच्या ओव्यांपैकी एकही मी लिहून घेतलेली नाही. तिच्या यजमानांवर तिने रचलेली एक ओवी होती, ती म्हणताना तिचा आवाज दर वेळी एका जागी थांबायचा. कुठल्या शब्दाशी थांबायचा, ते आज मला आठवत नाही. जाते अजून घरात आहे, त्याचा खुंटा कोणी काढून नेला आहे.

माझ्याकडून राहून गेले. आपल्याकडून राहू नये, एवढ्यासाठीच हे बोललो.